जुन्या वास्तूंची राखण : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

औंढा नागनाथाच्या मंदिराला प्रदक्षिणा घालताना नजर भिंतीवर ठेवली, तर डोक्याच्या बऱ्याच वर एका ठिकाणी बांधकाम बदललेले दिसते. खालचा भाग काळ्या पाषाणाचा आहे. जोत्याचे आडवे थर, त्यांवरची नक्षी, मग देवदेवता आणि सुरसुंदरींच्या मूर्ती अशी चढण आहे. दगडावर दगड नीट घडवून, एकमेकांत अडकवून बसवलेला आहे. त्याच्या वर वीट आहे, चुना आहे, गिलावा आणि रंग आहे. खालचे काम यादवकाळातले, तर वरचे पडझडीनंतरच्या जीर्णोद्धारातले. या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. दर्शनाच्या घाईत ही रेघ नजरेतून सुटते. वास्तुजतनाच्या अभ्यासाला मात्र याच रेघेपाशी थांबावे लागते, कारण या क्षेत्रातले जवळजवळ सगळे प्रश्न तिथे एकत्र भेटतात.

वरचा विटांचा भाग नंतरचा, म्हणून तो कमी मोलाचा मानायचा का? मूळचे दगडी शिखर कसे असेल याचा अंदाज बांधून ते पुन्हा उभारणे योग्य होईल का? विटांमधून झिरपणारे पावसाचे पाणी खालच्या दगडी भिंतीत कुठे जाते? शतकानुशतके तेल, शेंदूर आणि हातांचा स्पर्श लागलेली मूर्ती स्वच्छ करायची, तर किती आणि कशाने? आणि हे सारे ठरवायचे कोणी? भाविकांनी, संस्थानाने, अभियंत्याने की पुरातत्त्व विभागाने? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर एका विद्याशाखेच्या हाती नाही. म्हणून या क्षेत्रात इतिहासकार लागतो तसा रसायनशास्त्रज्ञ लागतो, मोडी वाचणारा लागतो तसा चुना मळणारा गवंडीही लागतो. या लेखातून या क्षेत्राच्या उंबरठ्यावर सर्वांचे स्वागत आहे. इतिहासाचा विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायतीचा सदस्य, देवस्थानाचा विश्वस्त, बांधकाम खात्यातला तरुण अभियंता, यांपैकी कोणीही हे वाचत असेल, तर हा विषय त्याचाही आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. जिल्हा म्हणून तो तरुण असला, तरी त्याची भूमी फार जुनी आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे स्थान म्हणून महाराष्ट्राची परंपरा औंढ्याला मानते. मध्ययुगीन शैव आचार्यांच्या परंपरेत आमर्दक नावाचा एक मठ येतो आणि काही अभ्यासकांनी त्याचा संबंध औंढ्याशी जोडला आहे. कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू औंढ्यात भेटले, ही कथा वारकऱ्यांच्या घराघरात आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे असल्यामुळे नर्सीची वाट पंजाबातल्या भाविकांनाही ठाऊक आहे. शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे, कळमनुरीला दर्गा आहे. खुद्द हिंगोली शहरात एकेकाळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि त्या काळाने शहराच्या रचनेवर आपली छाप ठेवली.

ही झाली नावारूपाला आलेली स्थळे. त्यांच्यापलीकडे गावोगाव जे विखुरले आहे, ते मोजायला अजून कोणी पुरते बसलेले नाही. शेताच्या बांधावरचे छत ढासळलेले महादेवाचे देऊळ, गाळाने भरलेली बारव, देशमुखांची गढी, मारुतीच्या पारावर टेकवून ठेवलेले वीरगळ आणि सतीशिळा, वेशीची एकच उरलेली कमान, ही सगळी आपल्या अभ्यासाची सामग्री आहे. वीरगळ हा दगडात कोरलेला एका मृत्यूचा वृत्तान्त असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालच्या चौकटीत गाई दिसल्या, तर गावचे गोधन सोडवताना तो माणूस पडला असे समजावे. त्या माणसाचे नाव कोणत्याही बखरीत नसते. तो दगड हाच त्याचा एकमेव पुरावा, आणि तो रस्त्याच्या भरावात गेला की पुरावाही जातो.

म्हणून या क्षेत्राचे पहिले सूत्र असे की, हात लावण्याआधी वास्तू वाचावी. आधी ती काय आहे, कोणत्या काळात किती वेळा बदलली आहे आणि आज तिला नेमके काय होते आहे, हे कळले पाहिजे. दुरुस्ती त्यानंतर. हे सूत्र साधे वाटते, पण आपल्याकडे बहुतेक नुकसान ते मोडल्यामुळेच होते. निधी आला, काम काढले, गिलावा चढला आणि भिंतीवरचा शिलालेख त्याखाली गेला, हा क्रम मराठवाड्यात नवा नाही.

वाचन म्हटले की साधने आली. हिंगोलीच्या अभ्यासकाने एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. साहजिकच इथल्या वास्तूंचे जुने कागद मुंबई-पुण्याच्या दप्तरांत कमी आणि हैदराबादेत जास्त आहेत, तेही पुष्कळदा उर्दू आणि फारसीत. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम याझदानी हे त्याचे पहिले संचालक. या खात्याचे वार्षिक अहवाल मराठवाड्याच्या अभ्यासकाला टाळून चालत नाही. स्वातंत्र्यानंतरचा परभणी जिल्ह्याचा गॅझेटियर १९६७ सालचा आहे आणि आजच्या हिंगोलीची माहिती त्यातच शोधावी लागते. मंदिरस्थापत्यासाठी हेन्री कझिन्स यांचा १९३१ चा दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ आणि गो. बं. देगलूरकर यांचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्य व शिल्पांवरचा अभ्यास हे दोन पाया आहेत. मराठेकालीन भागासाठी मोडी कागद आणि होळकरांचे दप्तर आहे.

या यादीत एक ग्रंथ मुद्दाम वेगळा सांगायला हवा. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ हा महानुभाव ग्रंथ चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागांची नोंद ठेवतो. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठे, पटशाळा कुठे, शेजारी काय आहे, असे तपशील त्यात श्रद्धेने आणि काटेकोरपणे टिपलेले आहेत. स्थळ जसे आहे तसे शब्दांत उतरवून ठेवावे, ही दृष्टी मराठीत सहाशे वर्षांपूर्वीची आहे. आज आपण मोजपट्टी, कॅमेरा आणि ड्रोन घेऊन जे करतो, त्याचे मूळ आपल्याच भाषेत आहे याचा अभिमान वाटला तर तो रास्तच आहे.

आता जतनाच्या विचाराचा थोडा इतिहास. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ ची, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा १९०४ चा आणि जॉन मार्शल यांची जतनविषयक मार्गदर्शिका १९२३ ची. जगाच्या पातळीवर १९६४ ची व्हेनिस सनद महत्त्वाची ठरली. जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे आणि वास्तूवर चढलेल्या प्रत्येक काळाच्या वाजवी थराचा मान राखला पाहिजे, ही तिची शिकवण. पुढे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात लावावी असे मांडले. जपानसारख्या देशात लाकडी मंदिरे ठरावीक रीतीने पुन्हा उभारली जातात, तिथे सामग्री बदलते आणि कौशल्य टिकते. आपल्याकडे १९८४ साली वारसा-जतनासाठी इंटॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या २००४ च्या सनदेने कायद्याच्या यादीत नसलेल्या वास्तू आणि जिवंत कारागिरी यांना विचाराच्या केंद्रस्थानी आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ मध्ये राष्ट्रीय जतन धोरण जाहीर केले.

या सगळ्या सनदांच्या आधीपासून आपल्याकडे जीर्णोद्धार आहे. पडलेले देऊळ उभे करणे हे पुण्यकर्म मानले गेले, म्हणूनच ही मंदिरे आज उभी आहेत. औंढ्याचे विटांचे शिखर त्याच भावनेतून आले. त्या काळी वापरलेला चुना आणि वीट यांनी खालच्या दगडाला इजा केली नाही, आणि आज तो जीर्णोद्धार स्वतःच इतिहासाचा भाग झाला आहे. तेव्हा जतन आणि जीर्णोद्धार यांत वैर मानण्याचे कारण नाही. फरक एवढाच की आज आपल्या हाती सिमेंट, ग्रॅनाइट, ऑईल पेंट आणि सँडब्लास्टिंगचे यंत्र आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट एका आठवड्यात असे काही करू शकते, जे पुढच्या शंभर वर्षांत उलटवता येत नाही.

उलटवता येणे हा या शास्त्राचा कळीचा मुद्दा आहे. त्याचा सर्वांत महागडा धडा आपल्या मराठवाड्यातच मिळाला. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा घट्ट केला, हे काम मोलाचे होते. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही चढवले. पुढे ते पिवळे पडले, काळवंडले, त्यावर धूळ बसली, आणि ते काढण्यात रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या. हेतू उत्तम होता, तज्ज्ञ नामांकित होते, त्या काळचे ज्ञान वापरले होते, तरीही असे झाले. म्हणून आजचा जतनतज्ज्ञ कमीत कमी हस्तक्षेप करतो, पुढे काढून टाकता येईल असाच उपाय निवडतो आणि आपण काय केले याची नोंद ठेवतो.

वास्तूचा मुख्य शत्रू पाणी. यादवकालीन देवळाची भिंत बाहेरून अखंड दगडी वाटली, तरी बहुधा तिला दोन पदर असतात. आतला घडीव दगड, बाहेरचा घडीव दगड आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर. छताच्या शिळांवर चुन्याचा कोबा असतो. त्या कोब्याला बारीक तडा जातो. पहिल्या काही पावसाळ्यांत काहीच दिसत नाही. पाणी शांतपणे भरीत उतरते, तिथली माती आणि बारीक खडी थोडीथोडी खाली वाहून नेते. मधे पोकळी होते, वरचे दगड खाली दबतात आणि बाहेरचा पदर पुढे येऊ लागतो. गवंडी याला भिंतीला पोट सुटले म्हणतात. तोवर त्या तड्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी रुजलेले असते. रोप वर दिसते वीतभर, पण मूळ आत सांधे शोधत हातभर गेलेले असते. श्रमदानाच्या उत्साहात ते उपटले, तर मुळासोबत दगडही निखळतो. नुसते वरून छाटले, तर ते दुप्पट जोमाने फुटते. खोड कापून मूळ आतल्या आत मारावे लागते, ते सुकू द्यावे लागते, मग ती जागा चुन्याच्या पातळ मिश्रणाने भरावी लागते, आणि सर्वांत आधी वरचा कोबा दुरुस्त करावा लागतो. कारण शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती दोन पावसाळेही टिकत नाही.

चुन्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या क्षेत्रात येणाऱ्याला आधी चुना ओळखता आला पाहिजे. भट्टीत भाजलेली चुन्याची कळी हौदात टाकून पाणी सोडले की ती उकळ्या मारत फुटते. हा चुना कित्येक आठवडे पाण्याखाली मुरवतात, मग गाळून त्यात वाळू आणि विटांची सुरखी घालतात आणि घाण्यात मळतात. प्रांतोप्रांती त्यात गूळ, बेलफळाचे पाणी, हिरड्याचा काढा अशी भर पडते. भिंतीला लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीच्या दगडासारखा होतो. याला महिने लागतात, म्हणून उन्हाळ्यात त्यावर ओले गोणपाट टाकून ठेवतात. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ राहतो. भिंत किंचित हलली तर तडा सांध्यात जातो, दगड वाचतो. ओलावाही त्या सांध्यातून बाहेर पडतो. सिमेंटचे उलट आहे. ते लवकर आणि कडक घट्ट होते, ओल आत कोंडते. मग ती ओल विटेतून किंवा सच्छिद्र दगडातून वाट काढते, जाताना क्षार मागे ठेवते, ते क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभागाच्या खपल्या निघू लागतात. सिमेंटच्या गुळगुळीत सांध्यामागे झडलेली वीट दिसली, तर हे घडते आहे असे समजावे. सिमेंट हे आपल्या घरांसाठी उत्तम द्रव्य आहे, पण जुन्या भिंतीशी त्याची प्रकृती जुळत नाही.

हिंगोलीच्या अभ्यासकाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज आणि लहान हादरे गेली काही वर्षे लोक अनुभवत आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे काय होते हे मराठवाड्याला दाखवून दिले. दोन पदरांची भिंत हादऱ्यात फाकते, कारण पदरांना जोडणारे लांब दगड पुरेसे नसतात. म्हणून आपल्या जिल्ह्यात जुन्या वास्तूवरच्या भेगांची पाळत ठेवणे हे रोजच्या कामासारखे असायला हवे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. भेगेवर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी चढवावी, तिच्यावर तारीख कोरावी. पट्टी तुटली तर भेग अजून चालती आहे. ती शाबूत राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. कोणत्या भेगेसाठी अभियंत्याला तातडीने बोलवायचे आणि कोणती भेग नुसती भरायची, हे या साध्या पट्टीवरून कळू लागते.

जमिनीवर उभ्या वास्तूंबरोबर जमिनीखालच्या स्थळांचाही विचार याच शास्त्रात येतो. मराठवाड्यात गावाशेजारी पांढरीचे टेकाड असते. तिथली माती राखाडी, भुसभुशीत, त्यात खापरांचे तुकडे, मणी, कधी मोठ्या आकाराच्या विटा सापडतात. शेकडो वर्षे लोक तिथे राहिले, घरे पडली, पुन्हा बांधली, चुलींची राख साचली, त्यातून हे टेकाड वाढले. तेरला १९५८ मध्ये आणि भोकरदनला १९७३ मध्ये झालेल्या उत्खननांनी अशा टेकाडांमधून सातवाहनकालीन नगरे, हस्तिदंताचे काम आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा जगापुढे ठेवल्या. पण पांढरी माती धाब्याच्या घरांवर घालायला चांगली आणि शेतात खत म्हणूनही गुणकारी, त्यामुळे ती बैलगाडीने जात असे. आता ती जेसीबीने आणि ट्रॅक्टरने जाते. गढ्यांचेही तसेच. उत्खननात वस्तूपेक्षा तिचा थर महत्त्वाचा असतो, कारण थरावरून काळ कळतो. टेकाडातून काढलेला मणी संग्रहात ठेवता येतो, पण तो कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे एकदा गेले की कायमचे जाते. टेकाड न खणता राखून ठेवणे हे सुद्धा उत्तम जतन आहे. पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली साधने असतील.

कायद्याची ओळखही प्रारंभीच करून घ्यावी. केंद्राचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८ चा आहे आणि राज्याचा १९६० चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने पक्की झाली. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, तर १९७२ चा कायदा पुरावस्तूंची नोंदणी आणि व्यापार यांवर लक्ष ठेवतो. देशभरात राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारके साडेतीन हजारांहून थोडी अधिक आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा लहान आहे. याचा सरळ अर्थ असा की आपल्या गावातली बारव, गढी किंवा वीरगळ बहुधा कोणत्याच यादीत नसणार, आणि त्यांची राखण गावालाच करावी लागणार. उभ्या पिकाची राखण जशी शेतमालक स्वतः जागून करतो, तसेच हे काम आहे.

ते करता येते याचे उदाहरण शेजारीच आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार वळत खाली उतरतात. गाळ आणि कचऱ्यात बुजलेली ही बारव ग्रामस्थांच्या श्रमांतून मोकळी झाली आणि आता ती पाहायला दुरून लोक येतात. बारवेचे जतन हे पाण्याचेही जतन आहे. झरे मोकळे झाले की तिची मूळ उपयुक्तता परत येते आणि उपयोगात असलेली वास्तू सहसा दुर्लक्षित राहत नाही.

पूजा चालू असलेल्या मंदिराचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तिथे अभ्यासकाने नम्र असावे. औंढ्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरून वाकूनच लिंगापाशी जावे लागते. शेकडो माणसांचा श्वास, अभिषेकाचे पाणी, दिव्यांची धग आणि काजळी या सगळ्यांमुळे त्या लहानशा जागेतली हवा दमट राहते. जतनाच्या दृष्टीने ही परीक्षा आहे. पण हा गाभारा आजवर टिकला तो तिथे रोज दिवा लागतो म्हणून, हेही तितकेच खरे. त्यामुळे भाविकाला दूर ठेवण्याचा विचार न करता हवा खेळती कशी राहील, अभिषेकाचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाईल, गर्दी किती टप्प्यांत सोडावी, यावर विचार व्हावा.

पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठलमंदिराच्या जतनाच्या कामात अलीकडच्या फरशा, संगमरवर आणि रंगांचे थर उतरवून मूळचा दगड उघडा करण्यात आला. त्या कामात फरशीखाली एक तळघर सापडले आणि त्यातून मूर्ती मिळाल्या. जुने काढताना प्रत्येक थरापाशी थांबून पाहावे लागते, याचा हा ताजा पुरावा. थोडक्यात, विश्वस्त, पुजारी आणि पुरातत्त्वज्ञ एका बैठकीत बसले तर मार्ग निघतो.

ज्यांच्या हातांवर हे सारे उभे आहे त्या कारागिरांचा उल्लेख शेवटी येत असला, तरी त्यांचे स्थान पहिले आहे. दगडाचा कस कोणत्या अंगाने आहे हे टाकीच्या आवाजावरून सांगणारे पाथरवट, चुन्याचा पोत बोटांनी ओळखणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. निविदेच्या कागदात ‘चुना’ लिहिला तरी तो मळणारा माणूस नसेल, तर कामावर शेवटी सिमेंटच येते. म्हणून जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये चुन्याचे व दगडाचे काम शिकवले गेले पाहिजे आणि या कारागिरांना तिथे शिक्षक म्हणून मान मिळाला पाहिजे. कारागिरांइतकाच येऊ घातलेल्या नव्या बांधकामांचाही विचार आताच करायला हवा. औंढा तालुक्यातच दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. तिच्याबरोबर रस्ते, वसाहती आणि पाहुणे येतील. हा विकास हवाच आहे. तो येण्याआधी परिसरातल्या जुन्या खुणांची नोंद झालेली असणे ही मात्र आपली जबाबदारी आहे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने पदवीची वाट पाहू नये. आपल्या गावातली एक जुनी वास्तू निवडावी. तिचे नाव, गट क्रमांक, तोंडाची दिशा, लांबी-रुंदी, बांधकामाची सामग्री आणि आजची अवस्था एका वहीत लिहावी. चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्रे घ्यावीत. गावातल्या वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयी जे ऐकू येईल ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तिथे जाऊन काय बदलले ते पाहावे. अक्षर दिसले तर त्यावर खडू, रंग किंवा तेल न लावता तिरप्या उजेडात छायाचित्र काढावे आणि जाणकाराला दाखवावे. नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवावी आणि एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने एवढे केले तर काही वर्षांत हिंगोलीची स्वतःची वारसा-सूची तयार होईल आणि पुढचा प्रत्येक निधी, प्रत्येक रस्ता, प्रत्येक जीर्णोद्धार तिच्याकडे पाहून ठरवता येईल.

जिल्ह्यात हे काम करण्याजोगी माणसे पुरेशी आहेत. त्यांतले एक आपण व्हावे, ही वाचकाला आग्रहाची विनंती. येत्या पावसाळ्याआधी पहिली नोंद करावी.